दाजींच्या झडतीचा कागद

कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या सदलग्यात दुभाष्या म्हणून वेगळा माणूस नसतो. माझं बियाणं-खतांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी मराठी, कंपनीच्या माणसाशी कन्नड, आणि चिकोडीच्या कचेरीत खुर्चीवर जो बसला असेल त्याच्या तोंडाकडं बघून जी लागेल ती. पलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, पाहुण्यांचं इकडं काही काम निघालं की पहिला फोन मला येतो. मी जातो, बोलतो, काम करून देतो. याचा मला अभिमान होता. 'होता' हे मुद्दाम लिहितोय.

या धंद्यात एक खोड लागते, ती बाहेरच्याला कळत नाही. आम्ही सगळं सांगत नाही. साहेब चिडून चार वाक्यं बोलला तर शेतकऱ्याला आम्ही एकच सांगतो, 'उद्या या म्हणतोय.' शेतकरी साहेबाचा उद्धार करतो, त्यातलं आम्ही 'लई अडचणीत आहे बिचारा' एवढंच पुढं सरकवतो. भांडण टळतं, काम होतं, आणि दोघंही आम्हाला चांगला माणूस म्हणतात. माझ्या वडिलांनी जन्मभर हेच केलं. मीही तेच शिकलो, आणि मला वाटायचं हा शहाणपणा आहे.

माझी थोरली बहीण आक्का पलीकडं दिलेली. तिचे यजमान, माझे दाजी, तिथल्या एका शाळेची बस चालवायचे. वीसेक वर्षं तीच शाळा. कुठल्या पोराचं घर कुठल्या गल्लीत आणि कुठलं पोर बसमध्ये बसलं की रडतं, हे त्यांना हेडमास्तरांपेक्षा जास्त ठाऊक. माणूस अबोल. कन्नड त्यांना ओ की ठो कळत नाही. आमच्या घरी आले की बायका कन्नडात कुजबुजायला लागायच्या आणि हे आपले शेंगा सोलत बसायचे.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बेळगावातल्या वडगावच्या एका विणकराकडं साड्या सांगितल्या होत्या. त्या आणायला दाजींच्या गाडीनं गेलो. जुनी गाडी, एमएचची पाटी. विणकराकडं एका साडीचे गोंडे बांधायचे राहिले होते, त्यात तास गेला. मला घाई होती, आणि घाईचं कारण सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर जेवत नाही. थंडीचे दिवस, सव्वासहाला सूर्य जातो. त्याच्या आत घर गाठायचं आणि आईनं केलेली भाकरी खायची, एवढं माझ्या डोक्यात होतं. त्या दिवशी मी सकाळचाही नीट जेवलो नव्हतो.

काकती मागं पडली आणि थोड्या अंतरावर बॅरिकेड दिसलं. कर्नाटकाच्या गाड्या हात दाखवून पुढं सोडत होते. आमची पाटी बघितली आणि हवालदारानं शिट्टी मारली.

मी उतरलो तोच कन्नड बोलत. फौजदार तरुण होते, बोलायला वाईट नव्हते. म्हणाले, महाराष्ट्र पाटीच्या गाडीतून गांजा जातोय अशी खबर आहे, गाडी बघायचीय. मी म्हटलं बघा की. हवालदारांनी डिकी उघडली, सीट उचलल्या, साड्यांचे बॉक्स बॉनेटवर ठेवून एकेक घडी मोडली. नवरीचा शालू एकानं असा झटकला, जसं गोणपाट झटकतात. मी हसत होतो. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गाडीत काही सापडलं नाही. तिथंच संपायला हवं होतं. पण फौजदारांनी फाइलमधून एक कागद काढला.

कागद छापील, कन्नडातला, मध्ये मध्ये रिकाम्या जागा. 'तुम्हाला वाचता येतं ना? मग तुमच्या माणसाला मराठीत सांगा,' असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी वाचला. चाळला नाही, वाचला. त्यात लिहिलं होतं, तुमच्या अंगाची झडती घ्यायची आहे. ती जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर व्हावी अशी मागणी करण्याचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे. तुमची काय इच्छा आहे ते सांगा. यात कठीण असं एक अक्षर नव्हतं. फौजदारही वर म्हणाले, 'पाहिजे असेल तर बेळगावला नेतो. पण साहेब भेटेपर्यंत बसावं लागेल.'

मी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते. बेळगावला परत जायचं, कुणाच्या तरी दारात बसायचं, म्हणजे जेवण गेलंच.

मी दाजींकडं वळलो आणि म्हणालो, "दाजी, अंगाची झडती घ्यायची म्हणत्यात. घेऊ द्या की. कर न्हाय त्याला डर कशाला? हितं सही करा."

"काय लिवलंय त्यात?" त्यांनी विचारलं. विचारलं होतं, हे मला विसरता येत नाही.

"काय न्हाय हो, झडतीला हरकत न्हाय म्हणून."

"तुम्ही म्हणताय तर करतो," म्हणाले आणि त्यांनी मराठीत सही केली. खाली आणखी एक ओळ होती. वरील मजकूर आरोपीस त्याच्या भाषेत समजावून सांगितला. तिथं माझी सही हवी होती. मी ती कन्नडात केली, जरा झोकात, फौजदारांनी बघावी म्हणून.

मग मी विचारलं, माझी झडती? फौजदार म्हणाले, 'तुमची कशाला? तुम्ही आपलेच.' हे ऐकून मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

दोघं हवालदार दाजींना जीपच्या पलीकडं घेऊन गेले. बाजूच्या टपरीवरची दोन माणसं पंच म्हणून बोलावली होती, ती चहाचा कप हातात घेऊनच गेली. मी अलीकडं उभा होतो. एका वयस्कर हवालदारानं विचारलं, "यावूर री?" कुठल्या गावचे? मी सदलगा म्हटल्यावर त्याची बहीणच आमच्या बाजूला दिलेली निघाली. मग ऊस, पाऊस, गुळाचे दर. माझी पाठ जीपकडं होती. तीन मिनिटं झाली असतील, फार तर चार.

"सिक्तु सर!"

सापडलं. मी वळलो तेव्हा एका हवालदाराच्या हातात प्लास्टिकची पुडी होती, आणि दाजी तिच्याकडं असे बघत होते जणू ती कुणा दुसऱ्याच्या खिशातून निघालीय. पँटच्या मागच्या खिशात होती म्हणे. मूठभर गांजा. मग दुसऱ्या हवालदारानं मोबाईलवर शूटिंग चालू केलं.

"पाव्हणं, ह्ये माझं न्हाय," दाजी म्हणाले. "सांगा त्यास्नी. माझं न्हाय ह्ये."

हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं. पदरचंही घातलं, शाळेची बस चालवतात, पोरांचे देवमाणूस आहेत, आमच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही. फौजदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'सगळे असंच म्हणतात.' टपरीवरच्या दोन माणसांनी कागदावर सह्या केल्या आणि ते कप परत ठेवायला गेले. पोलीस ठाण्यात पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. आईचा फोन येत राहिला, मी उचलला नाही.

दाजी तीन दिवसांनी जामिनावर सुटले. चौथ्या दिवशी शाळेनं चिठ्ठी दिली, प्रकरण मिटेपर्यंत कामावर येऊ नये. बसची किल्ली त्यांनी स्वतः नेऊन दिली. पालकांच्या व्हॉट्सॲपवर त्यांचा फोटो फिरत होता, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. वीस वर्षं ज्यांची पोरं यांनी हाताला धरून उतरवली, त्यातल्या एकानंही 'असं कसं होईल' म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना लगेच पटलं. माणसाचं वाईट पटायला किती कमी वेळ लागतो बघा.

आता त्यांची नोकरी एका गोष्टीवर अडकली होती, कोर्टानं निर्दोष म्हणणं. संस्थेचे सेक्रेटरी आक्काला म्हणाले होते, निकाल घेऊन या, किल्ली परत घ्या. आक्का तेच धरून बसली. दाजी दुसऱ्याच्या यंत्रमागावर सुताचे जड बीम उचलायला जायला लागले, पन्नाशीच्या वयात.

वकील बेळगावचे, मराठी. त्यांनी पहिल्याच दिवशी कागदांची प्रत बघून तो झडतीचा कागद बाजूला काढला. म्हणाले, "गाडी तपासायला ह्याची गरज नसते. गाडीची डिकी वेगळी आणि माणसाचा खिसा वेगळा. खिशात हात घालायच्या आधी माणसाला हे सांगावंच लागतं. नुसतं सांगून भागत नाही, त्याला कळलं पाहिजे. अशा केसमध्ये सगळं ह्याच्यावर उभं असतं किंवा पडतं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सही तुमची दिसते. तुम्ही सांगितलं होतं का हे सगळं?"

एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला दाजी. मी म्हणालो, "व्हय. सांगितलं की."

 दाजींना त्या कागदात काय होतं हेच ठाऊक नव्हतं, तर ते मला कसं खोडणार? त्यांना वाटलं असेल, सांगितलं तेवढंच त्यात होतं. वकिलांनी मान हलवली आणि कागद परत फाइलीत ठेवला. जी खिडकी उघडी होती ती मी माझ्या हातानं लावून घेतली, चारचौघांत तोंड काळं होऊ नये म्हणून. 

मुलीचं लग्न झालं. आक्का एकटी आली, दाजी आले नाहीत. पंगतीत लोक विचारत होते, 'दाजी न्हाय दिसत?' आणि विचारताना त्यांना उत्तर ठाऊक होतं. मी म्हणत होतो, ड्युटी आहे.

वर्षभरानं समन्स आलं. मला. सरकारी साक्षीदार म्हणून. दाजींना त्यांचा हक्क समजावून सांगितला याचा पुरावा मीच होतो ना! मी कोर्टात जाऊन 'व्हय, सांगितला' म्हणालो की दाजींचं काम तमाम. आणि 'न्हाय सांगितला' म्हणालो तर वर्षभर बहिणीच्या घरी बसून, तिच्या हातचं खाऊन खोटं बोलत होतो हे उघड. आठ दिवस मला जेवण गेलं नाही, दिवस असताना वाढलेलं ताटसुद्धा.

शेवटी एकटाच वकिलांकडं गेलो आणि खरं सांगितलं. त्यांनी मला ओरडायला हवं होतं. ते चष्मा पुसत बसले. म्हणाले, "वरातीमागून घोडं. पण कोर्टात हेच सांगा. फक्त एक, ते तिथं उभे असतील. ऐकतील."

ते ऐकतील, याच्यावर मी वाट काढली. काय वाट काढली ते ऐका, म्हणजे कळेल मी केवढा हुशार माणूस आहे. मी साक्ष कन्नडात द्यायचं ठरवलं. न्यायाधीश कन्नड, सरकारी वकील कन्नड, कामकाज कन्नड. मी सगळं खरं बोलणार, दाजी सुटणार, आणि दाजींना त्यातलं अक्षर कळणार नाही. आक्काला मी त्या दिवशी येऊच नको म्हटलं होतं.

मी बोललो. पिंजऱ्यात उभं राहून स्वच्छ कन्नडात सांगितलं की मी कागद पूर्ण वाचला होता, मला अर्थ कळला होता, आरोपीनं त्यात काय आहे असं विचारलं होतं, आणि मी मॅजिस्ट्रेटचं नाव न काढता फक्त सही करा म्हणालो. का, म्हणून विचारलं, तर म्हणालो, जेवायला उशीर होत होता. कोर्टात कुणीतरी हसलं. सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवलं आणि उलटतपासणीला उभे राहिले. 'आरोपी तुमच्या बहिणीचा नवरा. त्याला वाचवायला तुम्ही आज खोटं बोलताय.' मी म्हणालो, खोटं त्या दिवशी बोललो होतो. जन्मात पहिल्यांदा काही न गाळता सांगत होतो, आणि समोरचा माणूस ते खोटं आहे हे सिद्ध करत होता.

मी खाली मान घालून उतरायला लागलो, तोवर न्यायाधीशांनी हात वर केला. त्यांनी दाजींकडं बघून विचारलं, आरोपीला कन्नड येतं का? आमचे वकील म्हणाले, नाही. मग न्यायाधीश म्हणाले, साक्ष आरोपीला समजेल अशा भाषेत त्याला सांगितली पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. बाजूला टेबलाशी बसलेल्या क्लार्कबाईंना त्यांनी खूण केली.

बाई मराठी होत्या, आमच्याच बाजूच्या असाव्यात. त्यांनी कागद हातात घेतला, आरोपीच्या पिंजऱ्याजवळ गेल्या आणि वाचायला लागल्या. सावकाश. एक वाक्य कन्नडात डोळ्यांनी वाचायचं, मग मराठीत सांगायचं, मग दाजींकडं बघून विचारायचं, "कळलं का?" दाजी मान हलवायचे, मग पुढचं वाक्य. काही गाळलं नाही त्यांनी. मॅजिस्ट्रेट गाळला नाही, 'आरोपीनं विचारलं होतं' हे गाळलं नाही, जेवण गाळलं नाही. नेहमीच्या कामासारखं करत होत्या, ना राग ना लोभ. मी तिथंच उभा होतो, कुणी मला जा म्हटलं नव्हतं. दाजींनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. ते बाईंच्या तोंडाकडं बघत होते, आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "कळलं, बाई."

दोन महिन्यांनी निकाल लागला. हक्क समजावून दिल्याबद्दल शंका आहे, शंकेचा फायदा आरोपीला, सुटका. वकिलांनी पेढे मागितले. आक्कानं निकालाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून शाळेत नेली. सेक्रेटरींनी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि म्हणाले, "बाई, ह्यात निर्दोष असं कुठं लिहिलंय? कायद्याच्या पळवाटेनं सुटले. पालक काय म्हणतील?" किल्ली मिळाली नाही. दाजी अजून बीम उचलतात.

पळवाट! हा शब्द मला फार लागला. घरी आलेल्या प्रत्येकाला मी सांगायचो, अरे, ही वाट चोरानं पळायची नव्हे. मॅजिस्ट्रेटसमोर खिसा उलटा केला असता, तर त्यात पुडी होती की नव्हती हे एका त्रयस्थ माणसानं बघितलं असतं. होती तर होती, नव्हती तर नव्हती. आता ते जगात कुणालाच कळणार नाही. लोक ऐकायचे आणि म्हणायचे, पण तुम्ही होता की तिथं?

आक्कानंही हेच विचारलं. सगळं संपल्यावर एकदा दुकानात आली, गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "तू हुतास न्हवं रं तिथं? मला खरं सांग. त्यांच्याच खिशात हुतं का ते?"

मी काय सांगणार? माझी पाठ होती. मी गुळाचे दर बोलत होतो. दाजींनी तीस वर्षांत सुपारीसुद्धा खाल्लेली मी बघितली नाही, तरी 'न्हवतं' म्हणायला माझी जीभ वळेना, कारण मी बघितलं नव्हतं. पोलिसांनी घातली असंही मला म्हणता येत नाही, तेही मी बघितलं नव्हतं. "मला ठाऊक न्हाय, आक्का," मी म्हणालो.  नवऱ्यावर संशय घेणं तिला जमत नव्हतं आणि न घेणंही जमत नव्हतं, आणि तिची अशी अवस्था मी केली होती, पोलिसांनी नव्हे.

दाजींना मी त्यानंतर एकदाच एकटा भेटलो. त्यांच्या घरी गेलो, ते कामावरून येऊन पाय धूत होते. मी उंबऱ्यातच उभा राहिलो आणि पाठ करून आणलेलं म्हणून टाकलं, "दाजी, माझं चुकलं. त्या दिवशी मी सगळं सांगितलं असतं, तर तुम्ही बेळगावला चला म्हटला असता, आणि ह्यातलं काय झालं नसतं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. रागावलेले दिसत नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तसं न्हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "सांगितलं असतंसा तरी मी हितंच घ्या झडती म्हणालो असतो, व्हय. मलाबी घरी जायाचं हुतं, मलाबी भूक हुती." मग पंचा घेऊन पाय कोरडे केले आणि आत जाता जाता म्हणाले, "पर त्ये माझं मी म्हणायचं हुतं."